दिवस बुडवणारा भोंगा

मी लातूरच्या एका डाळमिलचा भोंगा बोलतोय. एरवी बटण दाबलं की ओरडतो. आज आपल्या मनानं बोलतोय.

मोठा दुष्काळ पडला त्या साली मालक गुरुपादप्पांनी मला पत्र्यावर बसवलं. विहिरी आटलेल्या, रानात काम नाही. खेड्यांतल्या बाया मिलमध्ये डाळ निवडायला येऊ लागल्या. शिरूर अनंतपाळची महानंदा त्यांतलीच. गावी ती आपल्या जात्यावर, आपल्या सवडीनं लोकांची डाळ भरडून द्यायची. इथंही पहिल्या दिवशी ऊन उतरलं तशी सूप ठेवून उठली.

"भोंगा झाला का?" मुकादम बसवंतनं विचारलं.

"दिवस बुडला की, दादा."

"हितं दिवस भोंगा बुडवतो. बसा खाली."

ती बसली.

पुढं पाऊस झाला, पण बाया परतल्या नाहीत. गावच्या दुकानात आता मिलची डाळ आली होती. महानंदाच्या जात्याकडं कोण येणार? लातूर जिल्हा झाला, मागणी वाढली, मोठी मशीनं आली. माझी संध्याकाळची हाक हळूहळू उशिरा होत गेली. बायांकडं घड्याळ नव्हतं. मला कळत होतं, पण बटण माझ्या हातात नव्हतं.

एकदा दिवेलागणीनंतर त्यांतल्याच दमलेल्या सरजाबाईचा पदर मशीनच्या पट्ट्यात गेला. तिची किंकाळी घरघरीत कुणाला ऐकू जाईना. शेजारची महानंदा धावली आणि तिनं माझं बटण दाबलं. भोंगा ऐकून मशीनवाल्यानं सवयीनं मशीन थांबवलं. सरजाबाई वाचली. उजवा हात मात्र गेला.

सकाळी गुरुपादप्पांनी महानंदाला बोलावलं. "बटणाला हात लावायला कुणी सांगितलं?"

"बाई मरायली होती, अप्पा."

"आज तू, उद्या दुसरी. अशानं मिल चालत न्हाई. तू येऊ नको."

ती निघाली. मागोमाग साऱ्या बाया उठल्या आणि फाटकाबाहेर जाऊन बसल्या. बसवंतनं मला पुन्हा पुन्हा वाजवलं. एकही आत आली नाही. आपलं कुणी ऐकलं नाही याचा आनंद मला त्या दिवशी कळला.

तो टिकला नाही. अप्पांनी लांबच्या गावांहून नव्या बाया आणल्या. जुन्या कुठं गेल्या, मला पत्र्यावरून दिसलं नाही.

आता माझ्या बटणावर लोखंडी पेटी आहे. तिला कुलूप, आणि किल्ली बसवंतच्या खिशात. खाली पट्टे फिरतायत. नव्या बायांनो, अंधार पडलाय आणि मला अजून कुणी वाजवलेलं नाही. पदर नीट खोचून घ्या.