व्हिलाची सोडत

लियाकतभाईंनी पुढे केलेलं तिकीट सुचित्राने उलटं केलं आणि मागचा बारीक मजकूर ती उभ्याउभ्याच वाचू लागली. पुढच्या बाजूला तीन बेडरूमच्या व्हिलाचा फोटो होता. शॉपिंग सेंटरात येणारा-जाणारा तो बघूनच थबकत होता.

"दोनशे दिरहम, म्हणजे अडीच हजार रुपये," तिचा नवरा निनाद तिच्या कानाशी पुटपुटला. "चल. आपलं नशीब मला माहितीये."

ती हलली नाही. सहा वर्षांची मिहिका तिचं बोट धरून उभी होती. मिहिकाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ही तिकिटं ज्या संस्थेची, तिच्याच कर्णबधिर मुलांच्या शाळेत मुलीचं नाव दोन वर्षं वेटिंग लिस्टवर पडून होतं.

"सब टिकट नहीं बिके तो?" तिने विचारलं.

लियाकतभाई संस्थेचे जुने कारकून. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तिकिटं सहा हजार. मार्चअखेर सगळी खपली, तरच सोडत. आधी व्हिलाची किंमत बिल्डरला जाणार, उरेल त्यातून शाळेचे नवे वर्ग. तिकिटं शिल्लक राहिली, तर ज्याचे त्याला पैसे परत, आणि वर्गांचं काम खलास.

"कितने बाकी हैं?"

"आधे से ज़्यादा, बहनजी."

"फिर एक टिकट नहीं, पूरी किताब दीजिए. बेचने के लिए."

अल कुसैस वस्तीतल्या त्यांच्या बिल्डिंगपासून तिने सुरुवात केली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगुळापाठोपाठ तिकिटांचं पुस्तक पुढे आलं, तेव्हा दोघीतिघी कामाचं निमित्त काढून उठल्या. कुणी म्हणालं, "तुझं कमिशन किती गं?" कुणी दारच उघडलं नाही. तिने कुणालाही खोटी आशा लावली नाही. सहा हजारांत एकालाच घर लागणार, हे ती आधी सांगायची. मग पैसे कुठे जातात ते सांगायची. शुक्रवारी सुट्टी असायची, त्या दिवशी तर ती घरी टेकायचीच नाही. निनादला सुरुवातीला लाज वाटली. फेब्रुवारीत एका सकाळी डब्याच्या पिशवीत एक पुस्तक गुपचूप टाकून तो ऑफिसला गेला, आणि संध्याकाळी ते रिकामं करून आला.

शेवटचं तिकीट सोडतीच्या चार दिवस आधी खपलं. व्हिला शारजातल्या एका मल्याळी नर्सला लागला. शाळेच्या पटांगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. सुचित्रा मात्र मुख्याध्यापिकांच्या खोलीत पोहोचली होती.

"मॅडम, वर्ग कधी सुरू होणार?"

"सप्टेंबरला, इन्शाल्ला." सुमेधा मॅडमनी अर्जांची फाइल पुढे ओढली. "पण जागा वीसच आहेत, सुचित्रा. अर्ज त्र्याहत्तर आलेत. ट्रस्टींनी ठरवलंय, मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. वशिला नको."

"मिहिकाचीही चिठ्ठीच?"

"हो. तू एवढं केलंस, तरी मला काही करता येणार नाही."

सुचित्राने पदराने कपाळ पुसलं. मग तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"चिठ्ठी निघेल न निघेल," ती म्हणाली. "उरलेल्या त्रेपन्न मुलांसाठी किती तिकिटं खपवावी लागतील, तेवढं सांगा."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग दाराशी जाऊन त्यांनी लियाकतभाईंना हिशेबाची वही घेऊन यायला हाक मारली.