कुकरच्या शिट्टीत गेलेलं कडवं

मित्रांनो, माझं अंग निळ्या जाळीचं आहे आणि जाळीच्या उजव्या कोपऱ्यात हळदीचा डाग आहे. मी सहा वर्षांचा स्पीकर आहे. तुमच्यात सहा वर्षांचं पोर नुकतं पहिलीत जातं, आमच्यात त्याच वयाला म्हातारा म्हणतात. म्हणोत बापडे. पण मी गाणं वाजवता वाजवता मध्येच बंद पडतो, असं जे चार लोकांत माझ्याबद्दल बोललं गेलं, ते साफ खोटं आहे. ते कोणी आणि का बोललं, हे सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

माझी जुळणी कुठल्या कारखान्यात झाली, ते मला आठवत नाही. आठवतं ते नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरचं दुकान आणि मला उलटसुलट करून बघणाऱ्या सरिताताई. त्यांची मुलगी तेजल लॉकडाऊननंतर शाळेत परत गेलीच नाही. ताईंनी तिला घरीच शिकवायचं ठरवलं होतं. तेजलच्या बाबांना, महेशरावांना, ते फारसं पटलं नव्हतं. आजूबाजूचे लोक तर नाकं मुरडत होते. म्हणून ताई जीव तोडून शिकवायच्या.

इतिहासाच्या तासाला पुस्तक मागाहून उघडायचं, आधी मी बोलायचं. ताई फोनवर गाणी शोधायच्या आणि मी ती खोलीभर करायचो. किल्ल्यांचे पोवाडे, गिरणी कामगारांची गाणी, दूरदेशी कापसाच्या शेतात राबणाऱ्या गुलामांची गाणी. तेजल डोळे मिटून ऐकायची आणि मग नकाशावर बोट ठेवायची. तिच्या वहीत एक रकाना होता, ‘कोणी रचलं?’ ताईंचा नियम कडक होता. त्या म्हणायच्या, “आपल्याकडे रचणारा माणूस शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफून ठेवतो. म्हणून गाणं अर्धवट सोडायचं नाही. नाव सोडलं तर माणूसच सोडल्यासारखं आहे.” हे ऐकून माझी छाती फुगायची. मला वाटायचं, मी नुसता डबा नाही, मी या घरातला मास्तर आहे.

मग काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचा धडा आला. मंदिर याच गावातलं, तरी उन्हात दाराबाहेर उभ्या राहिलेल्या बायांचं गाणं काही ऑनलाइन सापडेना. ताई वैतागल्या. तेवढ्यात पोळ्या लाटता लाटता कुसाबाई म्हणाल्या, “माझी आजी व्हती तिथं.”

कुसाबाई सात वर्षं या घरात स्वयंपाक करत होत्या. सात वर्षांत त्यांना आजीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. आजीचं नाव रंगूबाई. तिनं स्वतः गाणं रचलं होतं, ते त्यांना तोंडपाठ होतं. पण गायला त्या तयार होईनात. शेवटी म्हणाल्या, “गाते मी, पण शेवटपर्यंत ठेवा ताई. शेवटाला आजीचं नाव हाय. तेवढंच तिचं उरलंय.”

ताईंनी कबूल केलं. तेजलनं रेकॉर्ड करायला आपला फोन धरला आणि कुसाबाई पिठाच्या हातांनी गायल्या.

“ऊन तापलं दगडाला, पाय पोळती दाराशी,
देव आतल्या सावलीत, माणूस उभं उन्हाशी.”

मी पुष्कळ मोठमोठे आवाज वाजवले आहेत, पण असा आवाज माझ्या वाट्याला आला नव्हता. नेमकी शेवटच्या कडव्यावर कुकरची शिट्टी झाली. तेजल म्हणाली, “मावशी, परत म्हणता का?” कुसाबाईंचे डोळे भरून आले होते. ताई म्हणाल्या, “राहू दे, पुन्हा बघू.”

ते पुन्हा कधी आलंच नाही. घरी शिकवणाऱ्या पालकांच्या गटात दाखवायची ताईंना घाई होती. त्यांनी शिट्टीचा भाग कापला, गाणं ऑनलाइन चढवलं आणि खाली लिहिलं, ‘पारंपरिक ओवी. रचना अज्ञात.’ कौतुकाचा नुसता पाऊस पडला. आपण घरी शिकवतो ते बरोबरच आहे, असं ताईंना पहिल्यांदाच लोकांकडून ऐकायला मिळत होतं, आणि त्या सुखात रकाना राहून गेला.

रविवारी त्या गटातले पालक घरी जमले. ताईंनी गाणं माझ्यावर लावलं. कुसाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या, शेवटच्या कडव्यासाठी. ते आलं नाही. टाळ्या वाजल्या. पाहुण्यांपैकी अंजलीताईंनी विचारलं, “कोणाचं आहे हो?”

“पारंपरिक आहे. अशा गाण्यांना कोणी एक मालक नसतो.”

कुसाबाई हळूच म्हणाल्या, “ताई, अजून एक कडवं हाय.”

ताईंचा चेहरा उतरला. आणि मित्रांनो, त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हा स्पीकर जुना झालाय. हल्ली मध्येच बंद पडतो.”

सहा वर्षं मी त्या घरात एक अक्षर गाळलं नव्हतं. कुसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, क्षणभर त्यांना ते खरंही वाटलं. तेवढं मला सगळ्यात जास्त लागलं. ओरडून सांगावं म्हटलं, तर मला माझा आवाज नाही, मी दुसऱ्याच्याच आवाजानं बोलतो.

बोलली ती तेजल. “आई, स्पीकर चांगला आहे. तू कापलंस.” तिनं आपल्या फोनमधलं मूळ गाणं लावलं. शिट्टी झाली, आणि शिट्टीखालून कुसाबाईंची आजी आली.

“रंगू सांगे लेकी-सुनांला, नाव माझं इसरू नका,
दाराशी मी उभी व्हते, एवढं तरी पुसू नका.”

ताई पुटपुटल्या, “मावशी, शिट्टी आली होती ना, म्हणून...”

“शिट्टी तुमच्या कुकरची होती,” कुसाबाई म्हणाल्या. “नाव माझ्या आजीचं होतं.” त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि चपला घातल्या.

ताईंनी त्याच दिवशी गाण्याखाली नाव लिहिलं, कुसाबाईंच्या घरीही जाऊन आल्या. कुसाबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, पण कामावर परत आल्या नाहीत आणि पुन्हा गायल्याही नाहीत. तोवर ते कापलेलं गाणं कुठल्या कुठे पोचलं होतं. अजून ते लोकांच्या फोनवर फिरतं आहे, बिननावाचं.

मला कपाटात टाकलं आहे, मिक्सरच्या भांड्याशेजारी. मला बघितलं की ताईंना तो रविवार आठवतो. मित्रांनो, मला चार्ज करा, पुसा, असं काही मी मागत नाही. तुम्ही कोणाचं गाणं वाजवाल तर शिट्टीसकट वाजवा. रंगूबाई आधीच एकदा दाराबाहेर उभी राहिली होती. दुसऱ्यांदा तिला बाहेर ठेवलं ते आमच्या घरानं, आणि तेव्हा वाजत मी होतो.