उघडलेला चापान

आमच्या नारिन शहरात कलावंताला हाकलायचं असेल तर त्याला शिव्या देत नाहीत, चापान घालतात. काळ्या मखमलीचा, सोनेरी वेलबुट्टीचा, पोटऱ्यांपर्यंत येणारा झगा. भर सभेत तो अंगावर चढवायचा. दोन्ही हात बाह्यांत गेले आणि सभागृहानं तळवे पसरून आशीर्वादाचं ‘ओमिन’ म्हणत तोंडावरून हात फिरवले, की माणूस थोर झाला. आणि थोर माणसाला पुन्हा रंगमंचावर चढायला लावणं बरं दिसत नाही. त्याची जागा पहिल्या रांगेत.

पहिल्या रांगेत मी बरीच वर्षं बसतो. वर्तमानपत्रात मी टिंगल लिहीत असे. एका नगरप्रमुखांना माझ्याबद्दल अचानक इतका आदर दाटून आला की त्यांनी स्वतःच्या हातांनी मला चापान घातला. शेजारी ओरोझाली बसतो. तो अकॉर्डियन वाजवायचा. अजूनही गाणं सुरू झालं की त्याची बोटं गुडघ्यावर चालतात, पण ती दिसत नाहीत, कारण चापानाच्या बाह्या बोटांच्याही पुढे येतात. त्यात चहाचा पेला धरता येत नाही, वाद्य कुठलं धरता! उबदार मात्र असतो. सांस्कृतिक भवनातल्या खोल्या तापवायच्या थंडगार नळ्या पाहता, तेवढ्यासाठी तरी थोर व्हावं.

आणखी एक. उघडून धरलेला चापान रिकामा मिटत नाहीत. मिटला तर ज्याच्यासाठी उघडला त्याचं आयुष्य मिटतं, असं आमच्या म्हाताऱ्या सांगतात. खरं-खोटं देव जाणे. मिटून बघायला कुणी धजावलेलं नाही.

तर, शहराच्या वाढदिवसाची ‘आपले कलावंत’ ही संध्याकाळ. नाच, जादू, गाणी, सगळं गावचंच. शेवटचं वादन कायम झुराकान एजेचं; एजे म्हणजे थोरली ताई. तीन तारांचं कोमुज घेऊन ती बसली की लोक खाण्याचे डबे बंद करत, आणि हा आमच्याकडे मोठा मान आहे. यंदा पत्रकावर शेवटी, चापानांची यादी दरवर्षी ठरवणारे भवनाचे संचालक तेमिरकुल यांच्या गायक जावयाचं नाव होतं.

मी मागच्या बोळात चहा घेत होतो, तिथेच दोघांची गाठ पडली.

“तेमिरकुल, माझं नाव ‘सत्कार’मध्ये कुणी ढकललं?”

“एजे, लोकांची इच्छा आहे.”

“कुठल्या लोकांची? तुझ्या घरी जेवतात त्यांची?”

“तुमचं वय झालं. बोटं आखडतात म्हणे.”

“माझी आखडतात. तुझ्या जावयाचं बरं आहे, त्याचं काहीच दुखत नाही. बिचारा मध्येच पाणी पितो, तरी गाणं चालूच!”

तेमिरकुलचं हसू जागेवरच वाळलं. हेच वाक्य ती त्याच्या मुलीच्या लग्नात, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर बोलली होती. ते त्यानं जपून ठेवलं होतं.

“चापान घाला आणि पहिल्या रांगेत बसा,” तो हळू आवाजात म्हणाला. “आज कोमुज वाजणार नाही. माझ्या भवनात तर नाहीच.”

“चापान घालीन की. वाजवून झाल्यावर.”

“आधी.”

“नंतर.”

मग ती माझ्याकडे वळली. “अन् तू रे, कान टवकारून काय उभा? छापायला वर्तमानपत्र तरी उरलंय का तुझ्याकडे?”

मी चहा संपवला.

कार्यक्रम सुरू झाला आणि प्रेक्षकांनीही आपला सुरू केला. आमचं शहर नदीकाठानं लांबच लांब पसरलंय. वरच्या टोकाचे लोक खालच्या टोकाच्या कलेला कला मानत नाहीत, आणि खालच्या टोकाचे वरच्या टोकाच्या लोकांना लोक मानत नाहीत. मुलींचा नाच वरच्या टोकाचा निघाला, तेव्हा खालच्यांनी खोकून घेतलं. जादूगार खालच्या टोकाचा. त्याचं कबूतर वेळेआधीच बाहीतून डोकावलं. वरच्या टोकाकडून आवाज आला, “अरे, त्याला तरी घरी जाऊ दे!” पाठोपाठ कुरुताचा एक गोळा आला. सुकवलेलं दही आमच्याकडे दगडाइतकं टणक करतात, ते उगीच नाही. जादूगारानं तो झेलला, तोंडात टाकला आणि प्रेक्षकांकडे रागानं बघत चावत आत गेला. संध्याकाळचा सगळ्यात सफाईदार प्रयोग तोच.

तेवढ्यात तेमिरकुल स्वतः ध्वनिक्षेपकापाशी आला. “आता आपल्या लाडक्या, ज्येष्ठ, आदरणीय...” विशेषणं वाढली तसा ओरोझाली कुजबुजला, “गेली रे म्हातारी. माझ्या वेळी एवढी नव्हती.”

एजे आली. हातात कोमुज. तेमिरकुलनं चापान झटकून तिच्या पाठीशी उघडून धरला. आता हात मागे घालायचे की झालं. पण हात मागे घालायचे तर कोमुज खाली ठेवायला हवं. ते तिनं ठेवलं नाही. पाय अडकवून शेजारची खुर्ची ओढली, बसली आणि वाजवू लागली.

तेमिरकुल चापान उघडून उभाच. परतायला तयार नसलेल्या गाईसाठी गोठ्याचं फाटक धरावं, तसा.

“एजे, आधी हात...” तो दातांतून म्हणाला. ध्वनिक्षेपक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

“धर, धर. आलेच,” एजे म्हणाली.

पहिली धून संपली. टाळ्या पडायच्या आत दुसरी सुरू झाली. कोमुज खांद्यावर गेलं, उलटं झालं, डोक्यामागे गेलं. बोटं आखडत होती, ते पहिल्या रांगेतून दिसत होतं. एकदा तार चुकली, तेव्हा तिनं तोंडातल्या तोंडात शिवी घातली आणि तीच जागा पुन्हा वाजवली, या वेळी बरोबर. पण सभागृहात तिच्याकडे निम्मेच बघत होते. उरलेले तेमिरकुलचे हात बघत होते. मखमल जड असते, आणि वेलबुट्टीत त्यानं यंदा काटकसर केली नव्हती. कोपरं हळूहळू खाली येऊ लागली.

“मिटू नकोस रे!” मागून एक म्हातारी ओरडली. “तिला मारतोस का?”

“वर धर!” वरचं टोक ओरडलं.

“वर धर!” खालचं टोक ओरडलं. दोन्ही टोकांचं एकमत झालेलं मी त्या दिवशीच पाहिलं.

पडद्याआडून चमचमत्या कोटातला जावई डोकावला. “सासरेबुवा, माझं कधी?”

“गप!” सासरेबुवा म्हणाले. तेही सगळ्यांनी ऐकलं.

तिसरी धून तिनं मुद्दाम संथ घेतली. तेमिरकुलचे हात आता थरथरत होते, कपाळावरचा घाम पुसायला तिसरा हात नव्हता. शेवटी एजे थांबली. तिनं कोमुज खुर्चीवर ठेवलं आणि वळून त्याच्याकडे प्रेमानं पाहिलं. तिला मी तशी कधी पाहिली नव्हती, म्हणून घाबरलो.

“दमलास रे माझ्यासाठी. आण इकडे, मी धरते.”

माणूस थकला की सावध राहत नाही. त्यानं चापान तिच्या हातात दिला आणि खांदे मोकळे करायला दोन्ही हात मागे ताणले. ती तोवर त्याच्या मागे पोचली होती. हात ताणले गेले ते थेट बाह्यांत.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग ओरोझाली उभा राहिला. बाह्या झटकून त्यानं बोटं बाहेर काढली आणि तळवे पसरले. आमची अख्खी रांग उठली, आणि मागून सगळं सभागृह.

“थांबा, थांबा, हे...” तेमिरकुल म्हणाला.

“ओमिन!” शहर म्हणालं आणि तोंडावरून हात फिरवले.

झालेला आशीर्वाद परत घेता येत नाही. एजेनं कोमुज उचललं आणि पुन्हा बसली. “आता माझं शेवटचं,” ती म्हणाली. “ज्यांना जायचंय त्यांनी जा.” कुणी गेलं नाही. डबे बंद झाले.

तेमिरकुल पायऱ्या उतरून आमच्या रांगेपाशी आला. “जरा सरका,” तो म्हणाला.

“सरकायला जागा कुठाय?” ओरोझाली म्हणाला. “सगळे तूच बसवलेले.”