बाकी कटकट नाही

मी गवताचा ठोंब बोलतोय. हसू आलं ना? पण मी पायाखाली तुडवायचं गवत नव्हे. शोभेचं गवत आहे मी. निळसर हिरवं, काटक, बारा महिने ताजं. नर्सरीत माझ्या कुंडीला तशी चिठ्ठीच होती : 'भरपूर ऊन, थोडं पाणी, बाकी कटकट नाही.'

ती चिठ्ठी वाचूनच बाईंनी मला उचललं. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, चार पावलं चालल्या की दम लागायचा. नर्सरीवाल्यानं गुलाब पुढे केला, तर म्हणाल्या, "नको हो. आमच्या ह्यांना चहासुद्धा धड जमत नाही, गुलाब कुठला सांभाळतायत? माझ्यामागे कुणाला काही करावं लागू नये, असं काहीतरी द्या."

नर्सरीवाल्यानं गुलाब जागेवर ठेवला. त्यानं आम्हा पाच भावंडांना खोक्यात भरून दिलं.

घरामागच्या अंगणात दिवसभर ऊन. बाईंनी जुनी फुलझाडं शेजारीपाजारी वाटून टाकली, मातीत वाळू कालवली, आम्हाला लावलं आणि वर खडी पसरली.

"अगं, आता कशाला ही दगदग?" यजमान दारातून म्हणाले.

"तुमची दगदग वाचावी म्हणून."

आमचं एकच काम असतं. वर्षातून एकदा वाळकी पाती काढायची. कापायची मात्र नाहीत. कापलं की आम्ही पुन्हा उभे राहतोच असं नाही. थंडी सरली तेव्हा बाई बुटकं स्टूल आणि स्वतःचा रुंद दातांचा कंगवा घेऊन आल्या आणि आम्हाला एकेकाला विंचरत बसल्या. "माझ्या कामाचा नाही राहिला, तुमच्या तरी होऊ दे," म्हणाल्या. रुमालाखाली केस उरले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. जाताना त्यांनी कंगवा खिडकीत ठेवला. पुढच्या वर्षी त्या नव्हत्या.

आले ते यजमान. त्यांना मी मनातल्या मनात काका म्हणतो. एका सकाळी झारी काठोकाठ भरून आणली आणि आमच्यावर ओतली. "प्या रे पोरांनो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग तो नेमच झाला. ओतता ओतता बोलायचे. आज दूध उतू गेलं, मोज्याचा जोड सापडत नाही. "तुमच्या बाईनं साखर कुठल्या डब्यात ठेवलीय, काही बोलली होती का?" मला हसू यायचं.

पाणी मात्र मुळाशी साठत गेलं. पुरे म्हणायला आम्हाला तोंड कुठलं! पाती पिवळी पडली की काकांना वाटायचं, तहानलीत बिचारी. मग दोन झाऱ्या. माझी चारही भावंडं एकेक करून कुजली. माझाही मधला भाग गेला. खरं सांगू? पाणी थांबावं असं मला वाटायचं, आणि काकांनी यायचं थांबवू नये असंही वाटायचं. दिवसभरात ते उन्हात यायचे ते तेवढेच.

गेल्या आठवड्यात लेक आली. तिनं खडी बाजूला करून बोट मातीत घातलं, वास घेतला.

"बाबा, रोज पाणी घालता? अहो, मुळं कुजलीत याची. तुम्हाला काही करावं लागू नये म्हणून तर आईनं हे लावलं होतं. वर्षातून एकदा विंचरलं की झालं."

काका झारी धरून तसेच उभे राहिले. "वर्षातून एकदा?" ते म्हणाले. "मग बाकीचे दिवस मी काय करू?"

लेकीनं खिडकीतला कंगवा उचलला, पुसला आणि परत तिथेच ठेवला.

बाई, तुमच्यावर रागावलो नाही मी. तुम्ही सगळं त्यांच्या सुखासाठीच योजलंत. पण त्यांच्या हाताला थोडं काम ठेवायला हवं होतं हो.

आता माझ्या एका कडेला मूठभर हिरवी पाती उरली आहेत. जगतील की नाही, सांगता येत नाही.

लेक गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी काका ठरल्या वेळी झारी घेऊन आले. मी धास्तावलो. त्यांनी झारी माझ्यावर वाकवली. थेंबही पडला नाही. ती रिकामी होती. मग भावंडांच्या चार मोकळ्या जागांवरही त्यांनी ती तशीच वाकवली, प्रत्येक ठिकाणी पूर्वीइतकाच वेळ, आणि साखर सापडल्याचं सांगून आत गेले.

काका, उद्याही या. मी नसलो तरी या.