तांबडीचं इमान

"या जगात शेवटपर्यंत इमानाने राहते ती एकच गोष्ट," निरीक्षक म्हणाले, "आणि ती म्हणजे नीट वाळवलेलं लाकूड."

असं म्हणून त्यांनी तांबड्या गिटारीच्या डोक्याला ट्यूनरचा चिमटा लावला. तार सुरात आहे की नाही हे दिव्याने सांगणारं ते काडेपेटीएवढं यंत्र. हिरवा दिवा म्हणजे बरोबर. त्यांनी सर्वांत जाड तार छेडली. दिवा लाल लागला.

"बॅटरी उतरली असेल," निरीक्षक म्हणाले.

समोर फरशीवर त्यांचा जुना दोस्त मांडी घालून बसला होता, सगळे त्याला दाढी म्हणत. त्याचं जुन्या वाद्यांचं दुकान होतं आणि तो आठ गिटारी न्यायला आला होता. घरात नऊ होत्या. महिन्यापूर्वी निरीक्षक निवृत्त झाले होते, आता सरकारी घर सोडून दोन खोल्यांत जायचं होतं, आणि बायकोने स्पष्ट सांगितलं होतं, "मी शिलाई मशीन दिली, तुम्ही गिटारी द्या. एक ठेवा. एक म्हणजे एकच."

निरीक्षकांचा सगळा जन्म वजनमापे खात्यात गेला होता. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेलं वजन, तळ उचललेलं माप, हे शोधता शोधता त्यांची नजर अशी झाली होती की सासुरवाडीच्या माणसांनाही ते दोन्ही बाजूंनी तपासून घेत. गिटार मात्र त्यांना वाजवता येत नव्हती. तरुणपणी एका क्लासात सहा महिने काढल्यावर मास्तरांनीच त्यांना सुचवलं होतं, की तुम्ही वाद्यं जमवा.

त्यांनी जमवली. दर रविवारी सकाळी एकेक खाली काढायची, पुसायची, ट्यूनर लावायचा आणि उतरलेल्या तारा चढवून परत टांगायची, हा त्यांचा नेम होता. शिंपल्याचं काम केलेली महागडी दर आठवड्याला उतरायची. बारा तारांची तर एकत्र कुटुंबासारखी होती. सगळ्या एका सुरात कधी सापडल्याच नाहीत. फक्त तांबडी वेगळी. सात वर्षांत तिच्या खुंट्यांना हात लावायची वेळ आली नव्हती. कुठल्याही रविवारी उतरवा, सहाच्या सहा हिरवे दिवे.

ऑफिसात त्यांनी यावर भाषणं दिली होती. जावयाला उभं करून दाखवलं होतं. भांडणात बायकोलाही ऐकवलं होतं, "त्या तांबडीकडून शीक जरा. सात वर्षांत एकदा सूर बदलला नाही तिने." त्यामुळे कोणती ठेवायची हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. महागडी गेली, देखणी गेली. आयुष्यभर खोटे काटे पाहिलेल्या माणसाला घरात एक तरी खरी वस्तू हवी होती.

नवी बॅटरी घातली. दिवा लाल. दुसरी तार, लाल. तिसरी तर इतकी उतरली होती की दिवा नुसताच लुकलुकला.

"सामानाच्या हलवाहलवीत धक्का लागला असेल," निरीक्षक म्हणाले. रविवारची तपासणी या महिन्यात बांधाबांधीमुळे राहून गेली होती. ते पुन्हा पुन्हा तार छेडत राहिले.

बायको चहा घेऊन आली. तिने ट्रे खोक्यावर ठेवला आणि ती कपाळाला आठी घालून उभी राहिली.

"अहो, किती छळाल तिला? आणा इकडे."

तिने गिटार मांडीवर घेतली, कान जवळ नेला आणि खुंट्या पिळल्या, पोळपाटावरचं पीठ झटकावं इतक्या सहज. मग बोटं एकदा तारांवरून फिरवली आणि गिटार परत दिली. चिमटा डोक्याला तसाच होता. निरीक्षकांनी एकेक तार छेडली. सहा हिरवे दिवे.

"चहा निवतोय," बायको म्हणाली.

"कधीपासून?" निरीक्षकांनी विचारलं.

"काय कधीपासून? आत्ता तर ओतलाय."

"हे!"

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "धाकटीचं लग्न झालं तेव्हापासून. दुपारी घर खायला उठायचं. तुम्ही ऑफिसात. आता महिनाभर तुम्ही घरीच, मग कधी हात लावणार?"

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असतात."

दाढी चहात बघत हसला. निरीक्षकांची नजर त्याच्यावर गेली, मग तांबडीच्या तारांवर. लख्ख तारा. सात वर्षांत त्यांना गंज का चढला नाही, हे बाजारातल्या प्रत्येक वजनाचा गंज खरवडून पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"तारा कोण देत होतं हिला?"

"वहिनी दुकानातून न्यायच्या," दाढी म्हणाला.

"आणि मला तोंडावर म्हणायचास, लाकूड जातिवंत आहे!"

"मग काय म्हणणार साहेब? गिऱ्हाईक तुम्ही दोघंही."

निरीक्षक उठून खिडकीशी गेले. बायकोने लपवलं, दोस्ताने साथ दिली, हे एक वेळ समजण्यासारखं होतं, माणसंच ती. पण तांबडी! आणि 'तिच्याकडून शीक' असं ते बजावत होते तेव्हा बायको एकदाही हसली नव्हती, हे आता फार लागलं. हसली असती तर बरं झालं असतं.

ते वळले तेव्हा आवाज ऑफिसातला होता. "खोटं माप जप्त होतं. दाढी, ही घेऊन जा."

बायको काहीतरी म्हणेल म्हणून ते थांबले. रडेल, निदान 'नको' म्हणेल. तिने तांबडीवरून पदर फिरवला, ती पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. मग दाढीच्या ढिगातून हाताला आली ती एक काळी काढली, तिच्या खुंट्या पिळल्या आणि तारा एकदा छेडून पाहिल्या.

"ही ठेवा. चालेल."

दाढीने दोन फेऱ्यांत गिटारी टेम्पोत नेल्या. तांबडी शेवटच्या फेरीत गेली. टेम्पो चालू झाल्याचा आवाज खालून आला, तेव्हा निरीक्षकांना राहवलं नाही.

"एक सांग. नऊ होत्या. सात वर्षं हीच का घेतलीस? आवाज गोड होता म्हणून ना?"

"नाही हो," कप उचलत ती म्हणाली. "बाकीच्या काढायला स्टूल लागायचं."