निळ्या ड्रमातला पहिला घोट

माझ्या नवऱ्याला घरी आणायचं होतं, आणि दिरानं त्यासाठी उम्ताता शहराच्या बाजारातून एक निळा ड्रम आणला. एवढा मोठा, की आत बसून अंघोळ करावी.

माझा नवरा मोंडे वारल्याला वर्ष झालं होतं. वर्ष सरलं की आमच्यात बैल कापतात, घरची बिअर गाळतात, धार गुरांच्या वाड्यात जमिनीवर सोडतात आणि मेलेल्याला हाक मारतात, ये रे बाबा, घर सांभाळ. बिअर बिघडली तर तो येत नाही, बाहेरच भटकत राहतो. आणि बिअर करायची कुणी? त्याच्या बायकोनं. म्हणजे मी.

"घे, मादलोमो," माझा दीर सिंडिले म्हणाला. सासरी मला माहेरच्या कुळाच्या नावानंच हाक मारतात. "सगळं गाव पिऊन उरेल. तुझ्या त्या पांढऱ्या बादल्यांतून काय चिमण्यांना पाजणार होतीस?"

मी ड्रम आडवा पाडून बूड बघितलं. खाण्यापिण्याच्या डब्यावर पेला आणि काट्याचं चित्र असतं. इथं नव्हतं.

"त्रिकोणात दोनचा आकडा आहे ना!" तो म्हणाला. "दोन म्हणजे चांगलं प्लास्टिक. तूच सांगत फिरतेस गावभर."

"दोन म्हणजे ड्रम कशाचा केलाय ते. त्याच्या पोटात आधी काय होतं, ते कुठं लिहिलंय?"

"असेल काहीतरी. साबणानं घासलाय की मी. काही होत नाही!"

काही होत नाही! हे शब्द ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. खाणीतल्या मुकादमानं मोंडेला हेच सांगितलं होतं. तोंडाला फडकं बांध, काही होत नाही. शेवटच्या हिवाळ्यात माझा माणूस बसल्या जागी धापा टाकायचा आणि मी नुसती त्याची पाठ चोळत बसायचे.

मी वाद घातला नाही. चुलीवरचं उकळतं पाणी ड्रममध्ये ओतलं, झाकण लावलं आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत तसंच ठेवलं. थंड असताना प्लास्टिक गप्प बसतं, गरम झालं की सगळं ओकतं. झाकण काढलं मात्र, शेजारची नोसाखेले नाक दाबून मागं सरली.

"अगं बाई! हे तर गोचीड मारायला मेंढ्या बुचकळतात ते औषध!"

"मग विसळा की अजून दोन पाण्यांनी," सिंडिले म्हणाला.

"प्लास्टिकनं प्यायलंय ते, भाऊजी. विसळून जायचं नाही. आणि आपली बिअर आंबट. दिवसभर आत राहिली की ते सगळं ओढून घेईल."

त्याचा चेहरा उतरला, पण माघार घेईल तर तो सिंडिले कसला! "काळ्या कपड्यातल्या विधवेनं एवढा आवाज चढवू नये. थोरल्यांनी ड्रमला हो म्हटलंय. बिअर ह्यातच भरायची." एवढं बोलून तो तरातरा गुरांच्या वाड्यात, थोरल्यांच्यात जाऊन बसला. तिथं सुनेनं पाऊल टाकायचं नसतं. माझी कटकट तिथं पोचणार नाही, असं त्याला वाटलं असावं.

मी पत्र्याचा डबा त्या पाण्यानं भरला आणि वाड्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. आत नाही गेले. पण आवाजाला कोण अडवतंय?

"झोलीले काका! आपल्यात पाजणारा आधी पितो ना?"

घरातले सगळ्यात थोरले ते. डोळे बारीक करून म्हणाले, "पितो. विष नाही, हे दाखवायला. का गं?"

"ड्रम भाऊजींनी दिलाय. ह्यात त्यातलं नुसतं पाणी आहे. त्यांना एक घोट घ्यायला सांगा. ते प्याले की मी आत्ताच्या आत्ता पीठ भिजवते. परत चकार शब्द काढणार नाही."

काकांनी फाटकाशी येऊन डबा घेतला, हुंगला आणि सिंडिलेपुढं धरला.

"मी काय मेंढरू आहे?" तो खेकसला.

"मग मोंडे मेंढरू होता?" मी फाटकातूनच विचारलं. "जिवंतपणी त्यानं खाणीची धूळ गिळली. मेल्यावर मी त्याला हे पाजणार नाही. मला माहेरी धाडा, गावात नाव घालवा, काय करायचं ते करा. ह्या ड्रममध्ये माझा हात पडणार नाही!"

काकांनी डबा कुंपणापलीकडं रिकामा केला. "सिंडिले," ते म्हणाले, "ड्रम उचल."

मग आम्ही बायकांनी घरोघर फिरून बादल्या मागितल्या. पेला-काट्याचं चित्र असलेल्या तेवढ्याच. प्रत्येकीत गरम पाणी ओतून हुंगून बघितलं. रंगाची बादली परत. आतून चरे पडलेली परत, चऱ्यांत जुनी घाण दडून बसते आणि बिअर नासवते. पावाच्या दुकानातल्या जामच्या बादल्या मात्र फार कामाला आल्या. मक्याचं पीठ आणि मोड आलेली ज्वारी भिजवली, शिजवली, निववली आणि त्यांत भरून ठेवली. अंगणात जागा उरली नाही.

"वर्षश्राद्ध आहे का बादल्यांचं दुकान?" सिंडिले जाता-येता टोमणे मारत होता. मी लक्ष दिलं नाही. बादल्यांतून बुडबुड ऐकू येत होती, तेवढी मला पुरे होती.

श्राद्धाच्या दिवशी सगळ्या गावासमोर मी गुडघे टेकले आणि पहिला घोट घेतला. आंबट, दाट, थोडी धुरकट. मोंडेला आवडायची तशीच. काकांनी वाड्यात धार सोडली, त्याला नावानं हाक मारली, आणि पांढरा फेस मातीत जिरला. आला माझा माणूस. मी रडले, भरपूर रडले.

मग डोळे पुसले, एक कोरा डबा काठोकाठ भरला आणि सिंडिलेसमोर धरला. त्यानं आधी आत वाकून बघितलं. मग हळूच हुंगलं.

"प्या, भाऊजी," मी म्हटलं. "काही होत नाही."