गाळलेलं डिझेल

लडकूबाबा गाडीत डिझेल गाळूनच भरायचे. वडप्याला हायवेच्या कडेला कॅनमध्ये मिळतं त्यात गंज, माती, काय वाटेल ते असतं, म्हणून नरसाळ्यावर फडकं धरायचे. सुनेला, सुकन्याला सांगायचे, "गाडी पन पोरच हाय गो. गालून पाजावं."

त्यांच्या मुलाची, सागरची ती जुनी पिकअप गोदामांचा माल वाहायची. त्या दुपारी मात्र मागे रिकामी होती आणि पुढे सुकन्याच्या मांडीवर मृणाली. त्यांची लेक, अजून बसायलाही न शिकलेली. सकाळपासून तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि एवढंच म्हणाले, "भिवंडीला न्या. ऑक्सिजन लागेल. थांबू नका."

रस्ता रुंद करायचं काम चाललेलं. त्या धुळीत पिकअपने दोन आचके दिले आणि बंद पडली.

"हवा धरली असंल," म्हणत सागरने बॉनेट उघडलं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारू लागला. हवा असती तर फेस आला असता. बुडबुडा एक नाही, आणि डिझेलही धड येईना. दाबलेला दट्ट्या वर यायचं नाव घेईना, आतून कुणी धरून ठेवल्यासारखा. टाकीचं झाकण काढून पाहिलं, तरी तेच.

"टाकीतच कायतरी अडकलंय. ओढतच न्हाय."

मागून ट्रकवाला ओरडला, "ओ भाई, इधर ही घर बसाना है क्या? साइड में ले!"

"अवं, मी रिक्षा बघते," सुकन्या म्हणाली.

"थांब जरा."

त्याने टाकीकडून येणारा पाइप सोडवला, तोंडात धरला आणि जोरात फुंकलं. टाकीत गुडगुड झालं. पाइप लावला, पंप मारून आत शिरलेली हवा काढली, चावी फिरवली. इंजिन लागलं.

"बघ! बस, बस."

ती बसली. मृणालीच्या नाकपुड्या फुलत होत्या. सुकन्याने तिच्या टाळूवर ओठ टेकवले. "आलंच हां भिवंडी, बाय माझी."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा आचके. पुन्हा ती उतरायला निघाली, पुन्हा सागरने पाइप तोंडात धरला, थुंकला, पुन्हा गाडी लागली. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा तर रिक्षा थांबलीही होती. "आओ भाभी," रिक्षावाला म्हणाला आणि तेवढ्यात मागे इंजिन धडधडलं.

"लागली! सोड त्याला. पुढं जाम हाय, रिक्षा काय उडून जानार हाय?"

ती परत बसली. दरवेळी गाडी त्यांना उतरू न देण्यापुरतीच सुरू होत होती.

पुढच्या वेळी बंद पडली तेव्हा सागर पाइपाकडे गेलाच नाही. सुकन्याचा चेहरा पाहून जागीच थांबला. मांडीवरच्या बरगड्या हलायच्या थांबल्या होत्या. त्याने पोरीला उचललं आणि त्याच तोंडाने तिच्या तोंडात फुंकलं. हळू. मग जोरात. मग पुन्हा हळू. तिच्या इवल्या ओठांना डिझेलचा वास लागला. बाकी काही झालं नाही.

तिला मातीत ठेवून आल्यावर किती तरी दिवस पिकअप अंगणात उभी होती. मग एका सकाळी सागरने टाकी खाली उतरवली. आतल्या जाळीवर सुताचा चिकट बोळा बसला होता, फडक्याच्या सुटलेल्या दशांचा. फुंकलं की बाजूला व्हायचा, गाडी चालली की परत जाळीला लागायचा. त्यात एक पिवळा धागा होता.

सुकन्याने तो ओळखला. पॉवरलूमवरच्या पिवळ्या काठाच्या कापडाचे तुकडे तिनेच आणले होते, धुऊन धुऊन मऊ केले होते. मृणालीचे लंगोट. बाबांनी घरातलं सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात मऊ फडकं घेतलं होतं.

"काय मिललं रं?" बाबांनी ओट्यावरून विचारलं.

सागरने मूठ मिटली.

"काय न्हाय, बाबा," सुकन्या म्हणाली. "हवा धरली व्हती."

"तरी मी गालून भरायचो," म्हातारा स्वतःशीच म्हणाला. "न्हायतर कचरा गेला असता."

"व्हय, बाबा."

नरसाळ्यावर पिवळ्या काठाचा एक तुकडा अजून तसाच पडून होता. तिने तो उचलला, लहान घडी केली आणि आत नेला.